श्वासाचे गणित मांडणारा योगी

ठाणे शहराच्या उत्तरेला, कशेळीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास बाळकुम हे जुने गाव आहे. खाडी येथून हाकेच्या अंतरावर. पाण्याच्या शेजारी वाढणाऱ्या पोराला पोहणे आपोआप येते, अशी खाडीकाठच्या गावांतली जुनी समजूत. आता गावठाणाभोवती उंच गृहसंकुले उभी राहिली, त्यांत तरणतलाव आले आणि पोहणे ही शिकवणी लावून शिकण्याची विद्या झाली. परंतु खाडी असो वा तरणतलाव, शिकणाऱ्याची पहिली अडचण बदललेली नाही. हात-पाय थोड्याच दिवसांत वळणावर येतात. श्वास मात्र येत नाही. एक फेरी होते न होते तोच छाती भरून येते, मान वर उचलली जाते, कंबर खाली जाते आणि सगळी लय मोडते. अशा वेळी बहुतेकांना वाटते की आपल्याला हवा कमी पडली, तेव्हा पुढच्या खेपेला ती अधिक भरून घ्यावी आणि अधिक काळ रोखून धरावी.

श्वास रोखला म्हणजे शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने प्रयोगशाळेत नेला. तो जलतरणपटू नव्हता, डॉक्टरही नव्हता. तो होता व्यायामशाळेत घडलेला, संस्कृत शिकलेला, राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीत उमेदीची वर्षे दिलेला एक शिक्षक. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे मूळ नाव. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद म्हणून ते पुढे जगाला माहीत झाले.

जगन्नाथ गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि शिक्षण कष्टाने, इतरांच्या आधाराने झाले. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची प्रतिष्ठेची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली आणि पुढील शिक्षणासाठी ते बडोद्याच्या महाविद्यालयात दाखल झाले. अरविंद घोष त्या काळी तेथे अध्यापक होते. अरविंदांचे विचार आणि लोकमान्य टिळकांचे राजकारण यांचा खोल ठसा या तरुणाच्या मनावर उमटला. आयुष्य देशसेवेला वाहायचे आणि त्यासाठी अविवाहित राहायचे, हा निर्णय त्यांनी याच काळात घेतला.

बडोद्यात त्यांना दुसरा गुरू भेटला तो आखाड्यात. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न माणिकराव हे देशी व्यायामपद्धतीतील मोठे नाव. मल्लखांब, कुस्ती, लाठी, लेझीम या विद्यांना त्यांनी शिस्तबद्ध अभ्यासक्रमाचे रूप दिले होते आणि अस्थिसंधानातही त्यांचा हातखंडा होता. १९०७ ते १९१० ही तीन वर्षे गुणे यांनी त्यांच्या हाताखाली काढली. शरीर एका दिवसात घडत नाही, ते पायरीपायरीने घडवावे लागते, हा तालमीचा संस्कार त्यांच्यावर तेथे झाला. पुढे प्राणायामासारख्या सूक्ष्म विषयात शिरल्यावरही त्यांनी ही पायऱ्यांची शिस्त सोडली नाही.

शिक्षण संपल्यावर ते खानदेशात अमळनेरला गेले. साने गुरुजींमुळे पुढे ज्या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले, त्या गावातील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थांमध्ये त्यांनी अध्यापन केले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृती शिकवणारी ही संस्था परकी सरकारच्या डोळ्यांत सलत होती. १९२० च्या सुमारास ती बंद पडली. तोवर गुणे यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले होते. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी या वृद्ध बंगाली योग्याची आणि त्यांची भेट झाली. त्यांच्याकडून गुणे यांनी हठयोगातील क्रिया आणि प्राणायाम शिकून घेतले.

येथपर्यंतची कथा अनेक साधकांच्या कथेसारखी आहे. वेगळेपण दिसते ते यानंतर. योगाने शरीरावर विलक्षण परिणाम होतात, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. पण हे परिणाम कसे होतात, याची जी उत्तरे परंपरेत मिळत, त्यांवर त्यांचे समाधान होईना. एकीकडे योग म्हणजे चमत्कार मानणारे भाविक होते, दुसरीकडे योग म्हणजे भोंदूगिरी मानणारे इंग्रजी शिकलेले लोक. दोघांनाही मोजमापाची गरज वाटत नव्हती. गुणे यांना ती वाटली. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयातील साधने आणि आपल्या काही विद्यार्थ्यांचे सहकार्य घेऊन त्यांनी उड्डियान बंध आणि नौली या क्रियांची तपासणी सुरू केली.

उड्डियानात श्वास पूर्ण सोडून तो बाहेरच रोखतात आणि बरगड्या फुलवतात. छातीचा पडदा वर ओढला जातो आणि पोट खपाटीला जाते. नौलीत पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूंची गुंडाळी करून ती फिरवली जाते. जुन्या योग्यांपैकी काहीजण पाण्यात बसून याच क्रियेच्या बळावर मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेत आणि त्यालाच बस्ती म्हणत. पाणी वर कसे चढते? गुणे यांनी क्ष-किरणांची चित्रे घेतली, दाबमापक जोडले आणि दाखवून दिले की नौलीच्या वेळी आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. या अंशतः पोकळीमुळे पाणी आत खेचले जाते. एका गूढ सिद्धीचे रूपांतर पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमात झाले. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. गुरूविषयीचा आदर आणि गुरूच्या विद्येची चिकित्सा या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना झाली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक निघाले. त्यात प्रयोगांची आकडेवारी देणारा शास्त्रीय विभाग होता, जाणकार वाचकांसाठी अर्धशास्त्रीय विभाग होता आणि सामान्य माणसाला आसने शिकवणारा लोकप्रिय विभागही होता. सर्वांगासन व मत्स्यासन करताना रक्तदाब किती बदलतो यासारखे प्रश्न त्यांनी हाती घेतले. १९२७ मध्ये रक्तदाबाच्या विकाराने गांधीजींची प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला आणि दोघांत पत्रव्यवहारही झाला.

या सर्व कामांत श्वासाविषयीचे प्रयोग अधिक महत्त्वाचे ठरले, कारण त्यांनी खुद्द योगप्रेमींच्याच एका लाडक्या समजुतीला धक्का दिला. प्राणायामाने शरीरात भरपूर ऑक्सिजन जातो, असे त्या काळी सर्रास सांगितले जात असे. आजही सांगितले जाते. कुवलयानंदांनी प्राणायाम करणाऱ्याच्या उच्छ्वासातील हवा गोळा करून तिचे पृथक्करण केले. किती ऑक्सिजन घेतला गेला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, याचा हिशेब मांडला आणि १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की तेवढ्याच वेळात साध्या श्वसनाने जितका ऑक्सिजन शरीर घेते, त्याहून अधिक तो प्राणायामात घेतला जात नाही. प्राणायामाचे मोल त्यांच्या मते अन्यत्र होते. श्वसनाच्या स्नायूंना मिळणारे वळण, दाबांतील बदल आणि मज्जासंस्थेवरचा ताबा यांत ते होते.

यामागचे कारण आज शरीरशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्त साध्या श्वासानेच ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेले असते; सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के भरलेल्या भांड्यात आणखी ओतणार किती? आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर टाकतो त्या हवेतही सुमारे १६ टक्के शिल्लक असतोच. श्वास रोखल्यावर जी तगमग होते, ती सुरुवातीला ऑक्सिजन संपल्यामुळे होत नाही. रक्तात साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड मेंदूतील श्वसनकेंद्राला डिवचतो आणि छाती हवेसाठी धडपडू लागते.

कुवलयानंदांचे निष्कर्ष सर्वांनी जसेच्या तसे स्वीकारले असे नाही. मूळचे केरळचे आणि अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारे कोवूर बेहनान त्यांच्याकडे येऊन शिकले. परत गेल्यावर स्वतःवर मोजमाप करताना त्यांना काही प्रकारच्या प्राणायामांत ऑक्सिजनचा वापर वाढलेला आढळला आणि १९३७ मध्ये त्यांनी तो आपल्या पुस्तकात नोंदवला. शिष्याचे आकडे गुरूच्या आकड्यांशी जुळले नाहीत. पण वाद आता आकड्यांवर होऊ शकत होता, आणि योगविद्येच्या प्रांतात ही गोष्टच नवी होती.

पाण्याशी या विद्येचा संबंध जुना आहे. हठयोगाच्या ग्रंथांतील आठ कुंभकांपैकी प्लाविनी हा एक. पोटात हवा भरून घेतलेला योगी खोल पाण्यावरही कमळाच्या पानासारखा तरंगतो, असे त्याचे वर्णन आहे. मत्स्यासनाचे नावही पाण्यावर तरंगण्याशी जोडले जाते. यात चमत्कार शोधण्याचे कारण नाही. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. छाती भरलेली असेल तर बहुतेक माणसे तरंगतात, रिकामी असेल तर बुडू लागतात. भीतीने धापा टाकणाऱ्याचे तरंगणे म्हणूनच क्षणाक्षणाला बदलते आणि शांतपणे श्वास घेणारा पाण्यावर स्थिर राहतो.

आधुनिक जलतरणाने श्वासाचा धडा वेगळ्या वाटेने गिरवला. फ्रीस्टाइलमध्ये चेहरा पाण्यात असतो. तोंड पाण्याबाहेर येते तो क्षण इतका अपुरा असतो की त्यात श्वास सोडणे आणि घेणे ही दोन्ही कामे होत नाहीत. नवशिका पाण्यात श्वास कोंडून धरतो, बाहेर आल्यावर घाईने थोडासा सोडतो आणि त्यावरच नवा घेतो. दोन-चार हातांत छाती जुन्या हवेने भरून जाते आणि जीव घुसमटतो. त्याला हवा कमी पडलेली नसते. जुनी हवा बाहेर गेलेली नसते. म्हणूनच जाणता प्रशिक्षक घेण्याआधी सोडणे शिकवतो.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्रख्यात प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी १९७० च्या दशकात ठरावीक हातांनंतरच श्वास घेण्याचे सराव लोकप्रिय केले. तीन हातांना एक श्वास, मग पाचांना, मग सातांना. शरीराला ऑक्सिजनच्या तुटवड्याची सवय व्हावी, अशी त्यामागे कल्पना होती. पुढील अभ्यासांत दिसले ते निराळेच. अशा सरावात ऑक्सिजनची तूट अपेक्षेइतकी होत नाही. साठतो तो प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड. या सरावाचा उपयोग झालाच तर लय, शरीराचे वळण आणि घुसमटीतही न गांगरण्याची सवय यांसाठी होतो. रोखलेल्या श्वासाचे श्रेय ऑक्सिजनला देऊ नये, हे लोणावळ्यात १९३३ साली मांडले गेले होते.

प्राणायाम शिकवताना कुवलयानंदांनी जी शिस्त आखली, ती तरणतलावातही मार्गदर्शक ठरावी अशी आहे. परंपरेत पूरक, कुंभक आणि रेचक यांचे प्रमाण एकास चार आणि चारास दोन असे सांगितले आहे. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये, असे त्यांचे मत होते. आरंभी कुंभक अजिबात नको. श्वास घेण्यास जितका वेळ, त्याच्या दुप्पट सोडण्यास, एवढेच पुरे. ते सहज साधले, कोठेही ओढाताण झाली नाही, तर पुढची पायरी. गुदमरणे ही प्रगतीची खूण नसून चूक झाल्याची खूण आहे, ही त्यांच्या शिकवणीची दिशा होती.

याच क्रमाने पोहण्याचा सरावही बांधता येतो. छातीइतक्या पाण्यात उभे राहून चेहरा बुडवावा आणि नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडावेत. घेण्यास एक मात्रा तर सोडण्यास दोन. असे दहा-बारा वेळा जमले की काठ धरून पाय मारताना मान वर न उचलता बाजूला वळवून श्वास घ्यावा. मग २५ मीटरच्या सहा-आठ फेऱ्या, दर दोन हातांना एक श्वास आणि प्रत्येक फेरीनंतर श्वसन पूर्ववत होईपर्यंत विश्रांती. हे अंगवळणी पडल्यावर तीन हातांना एक श्वास, म्हणजे एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. त्याने अंग दोन्ही बाजूंना सारखे वळते आणि पोहणे सरळ रेषेत होते. पाच-सात हातांचे सराव स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी. तेही थोडे आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली.

हे सारे तारतम्य सोडले तर काय होते, याची किंमत प्राणाने मोजावी लागते. बुडी मारण्यापूर्वी जोरजोराने भराभर श्वास घेतल्यास अधिक वेळ पाण्याखाली राहता येते, हे अनेक मुलांना खेळता खेळता कळते. कपालभाती किंवा भस्त्रिका करणाऱ्याला तर ही युक्ती अधिकच सोपी वाटते. पण अशा वेगवान श्वसनाने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा पहारेकरीच बाजूला होतो. पाण्याखाली ऑक्सिजन घटत जातो, तरी छातीला हवेची ओढ लागत नाही आणि कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपते. कमरेइतक्या पाण्यात, उत्तम पोहणाऱ्यांचेही असे मृत्यू जगभर झाले आहेत. म्हणूनच काठावर बसून भस्त्रिका आणि लगेच बुडी, श्वास रोखण्याच्या पैजा आणि एकट्याने पाण्याखालून फेऱ्या या तीन गोष्टी तरणतलावात कटाक्षाने टाळल्या पाहिजेत. प्राणायाम जमिनीवर, पोहणे पाण्यात, आणि दोहोंमध्ये पुरेसे अंतर, हा साधा नियम पुरतो.

कुवलयानंदांना योगविद्या गुहेतून काढून शाळेच्या मैदानावर आणि रुग्णाच्या खाटेपर्यंत न्यायची होती. आखाड्यातील सामुदायिक कवायतीची पद्धत त्यांनी आसनांना लावून पाहिली. ‘यौगिक संघ व्यायाम’ ही पुस्तिका त्यातून झाली. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक कामातही त्यांच्या अनुभवाचा उपयोग केला गेला. १९३० च्या दशकात मुंबईत मरीन ड्राइव्हवर त्यांचे आरोग्य केंद्र उभे राहिले. चौपाटीच्या त्याच परिसरात मफतलाल बाथचा तरणतलाव आहे. गिरगावकरांच्या कित्येक पिढ्यांनी पोहणे आणि प्राणायाम या दोन्ही विद्या समुद्राच्या त्या एकाच काठावर शिकून घेतल्या.

१९५१ मध्ये लोणावळ्याला योगाचे पद्धतशीर शिक्षण देणारे गोवर्धनदास सेक्सरिया महाविद्यालय सुरू झाले आणि १९६० च्या दशकात यौगिक रुग्णालय उभे राहिले. एका बाजूला प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला जुन्या हस्तलिखितांचे संपादन, तिसऱ्या बाजूला शिक्षण आणि उपचार, असा संस्थेचा विस्तार झाला. कुवलयानंदांनी स्वतःभोवती संप्रदाय उभा केला नाही. त्यांच्यामागे राहिले ते कार्यकर्ते, संशोधक आणि नोंदवह्या. १८ एप्रिल १९६६ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे स्वामी दिगंबरजींनी संस्थेची धुरा वाहिली.

टपाल खात्याने २०१९ मध्ये आयुष क्षेत्रातील मान्यवरांवर तिकिटे काढली, त्यांत कुवलयानंदांचा समावेश होता. २०२४ मध्ये कैवल्यधामाला शंभर वर्षे पूर्ण झाली आणि ‘योगमीमांसा’ने आपली शताब्दी गाठली. २०१५ पासून दरवर्षी २१ जून रोजी योग दिन साजरा होतो, मैदाने भरून जातात आणि व्यासपीठांवरून ऑक्सिजनचे तेच जुने गोडवे गायले जातात. आपल्याला प्रिय असलेल्या विद्येविषयीचे गैरसमज दूर करायला बडोद्याच्या आखाड्यातला एक शिक्षक नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी पुढे आला होता, हे त्या गर्दीत क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. त्याने मांडलेला हिशेब आजच्या पोहणाऱ्यालाही तितकाच लागू आहे. श्वास साठवून ठेवण्याची वस्तू नाही. तो वेळेवर सोडता आला, की पुढचा आपोआप मिळतो. आणि हे साधण्यासाठी रोज थोडा, न चुकता, न धापता केलेला सराव लागतो.